भीतीवरचा ऑनलाइन कोर्स: एका तक्त्यासाठी साडेतीन स्टार

मला लिफ्टची भीती आहे, म्हणजे कधी अडकले वगैरे अजिबात नाही, तरी दार बंद झालं की पोटात गोळा येतो. ऑफिस आठव्या मजल्यावर आणि मी रोज जिन्याने, कोणी विचारलं की सांगायचं व्यायाम होतो ना. पण मीटिंगला घामाघूम होऊन पोचायचा कंटाळा आला म्हणून हा सहा आठवड्यांचा कोर्स घेतला.

पहिले दोन आठवडे सरळ पळवा. मागे बासरी आणि पुढे "तुमच्यातली शक्ती ओळखा". भित्यापाठी ब्रह्मराक्षस हे लहानपणापासून ऐकतेय, त्यासाठी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ कशाला?

तिसऱ्या आठवड्यात मात्र खरा माल आहे. मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाचा अनुभव लिहिला होता, तो जेवत असताना ससा हळूहळू जवळ आणत नेला आणि त्याची भीती गेली. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या पुस्तकात त्याच वाटेची पद्धत बसवली, छोट्या भीतीपासून मोठ्या भीतीकडे. हे ठीक, पण मला लागलं ते पुढचं वाक्य: तुम्ही टाळता तेव्हा जी सुटका वाटते तीच भीतीला खतपाणी घालते. म्हणजे मी जिन्याने गेले की मेंदू म्हणतो बघ, जिन्यामुळे वाचलीस. इतकी वर्षं मी भीतीलाच पोसत होते की!

मग तक्ता. आपल्या भीतीच्या पायऱ्या लिहायच्या आणि प्रत्येकीला ० ते १०० मार्क द्यायचे. माझ्या अशा होत्या, लिफ्टबाहेर नुसतं उभं राहणं २०, दार उघडं ठेवून आत ४०, मैत्रिणीबरोबर एक मजला ५५, एकटीने एक मजला ७५, आठवा मजला ९५. एक पायरी परत परत करायची, मार्क खाली येईपर्यंत, मगच पुढची.

एकटीच्या दिवशी पहिल्या फेरीला ८०, दुसरीला ७०, तिसरीला लिफ्टने जरासा झटका दिला आणि परत ८५, मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. वॉचमन म्हणाला मॅडम काही हरवलंय का? सहाव्या फेरीला ४०. आणि हे सगळं मोबाईल मुठीत घट्ट धरून. तक्ता कोचला पाठवला तर उत्तर आलं की मोबाईल बॅगेत ठेवून परत करा, नाहीतर मेंदूला वाटेल मोबाईलने वाचवलं. राग आला, पण बरोबर होतं, बॅगेत ठेवल्यावर पहिली फेरी सरळ ७५!

आता तक्रारी. कोचचं उत्तर यायला तीन-तीन दिवस लागतात, तोवर धीर चेपलेला असतो तो परत गळतो. ॲप रोज सकाळी "आज कशाला घाबरलात?" असं विचारतं, अरे उठू तरी दे. चौथ्या आठवड्यात दीर्घ श्वासाचा एवढा मारा आहे की मी लिफ्टमध्ये श्वासच मोजत बसले, म्हणजे मोबाईल गेला आणि श्वासाची कुबडी आली, हे त्यांच्याच मोबाईलवाल्या सल्ल्याच्या उलट नाही का?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्यांना वारंवार पॅनिक अटॅक येतात, हृदयाचा त्रास आहे किंवा मागे काही भयंकर घडलंय त्यांनी आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं ही सूचना पाचव्या आठवड्यात येते. ती पहिल्या मिनिटाला हवी. यासाठी एक स्टार कापला, बासरीसाठी अर्धा.

शेवटचं सर्टिफिकेट मी डाउनलोडच केलं नाही. सध्या सहाव्या मजल्यापर्यंत एकटी लिफ्टने जाते, मोबाईल बॅगेत, उरलेले दोन मजले जिन्याने.