पोस्टपेड की प्रीपेड: उधारीचं खातं बंद केलं त्याची गोष्ट

पोस्टपेड ठेवू की प्रीपेडला येऊ, असं गेल्या दोन महिन्यांत तिघांनी विचारलं, त्यातला एक तर इंदूरच्या आमच्या रामबागेतलाच, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मी अकरा वर्षं पोस्टपेडवर होतो आणि आता दीड वर्ष झालं प्रीपेडवर आहे, नंबर तोच, कंपनीपण तीच. नेटवर्क कुणाचं चांगलं त्यात पडत नाही, राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत सगळ्यांचंच रडगाणं सारखं.

पैशाचं आधी उरकतो. जुलै 2024 मध्ये भाव वाढले तेव्हा माझा 399 वाला प्लॅन 449 चा झाला. पण पोस्टपेडमध्ये 449 म्हणजे 449 नाहीच, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, खात्यातून जातात 530. प्रीपेडला पाटीवर जे लिहिलंय तेच द्यायचं. मी 84 दिवसांचा 859 वाला मारतो, वर्षाचे पावणेचार हजारांच्या आसपास होतात, पोस्टपेडचे सहा हजार तीनशेच्या वर जायचे. आता पोस्टपेडवाले म्हणतील की आमच्याकडे ओटीटी फुकट येतं, येतं ना, पण मी बघतच नव्हतो तर फुकट कसलं! फक्त 28 दिवसांच्या रिचार्जच्या नादी लागू नका, महिना म्हणता म्हणता वर्षाला 13 होतात. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्ये कंपन्यांना सांगितलंय की 30 दिवसांचा एक आणि दर महिन्याला त्याच तारखेचा एक असे प्लॅन ठेवा, आहेतही, पण ॲपमध्ये पार खाली जाऊन शोधावे लागतात.

पण खरं सांगू का, पैशासाठी मी बदललं नाही. वर्षाला अडीच हजारांच्या वर वाचले हे नंतर लक्षात आलं.

झालं असं की माझं बँकेचं कार्ड बदललं, नवीन आलं, आणि ऑटोपे जुन्याच कार्डावर राहिलं. बिल कापलं गेलं नाही. मला कळलं तेव्हा मी लगेच ॲपवरून बिल भरलं, पण उशिराचा दंड पुढच्या बिलात लागतो ते कुणाला माहिती, आणि त्यात माझं सर्दी-तापाचं आठवडाभर चाललं होतं, तर 61 रुपये राहून गेले. एकसष्ट! सराफ्यात एक प्लेट भुट्ट्याचा कीस खाल्ला तर संपतात. त्या 61 रुपयांसाठी वसुलीवाल्याचा फोन आला, आणि मला नाही, आईला. कारण अकरा वर्षांपूर्वी फॉर्ममध्ये पर्यायी नंबर म्हणून तिचा दिला होता. दुपारी ती घरी एकटी, आणि समोरचा म्हणतोय, “आपके बेटे का मामला लीगल में जा रहा है.” रक्कम सांगितलीच नाही त्याने. मी मीटिंगमध्ये, तिचे चार मिस्ड कॉल, मी फोन केला तर पहिलं वाक्य, “अरे, किती कर्ज काढलंयस तू, खरं सांग.” संध्याकाळपर्यंत देवासच्या मावशीलाही कळलं होतं.

तर हे डोक्यात बसलं ते बसलंच. पोस्टपेड म्हणजे किराण्याच्या दुकानातलं उधारीचं खातं, फक्त वही त्याच्याकडे, लिहिणार तोच आणि बेरीज करणारही तोच. आमचा कोपऱ्यावरचा किराणावाला निदान 61 रुपयांसाठी आईला फोन करणार नाही. प्रीपेडमध्ये उधारीच नाही. पैसे संपले तर फोन बंद, चूक माझी, भोगीन मी.

आणि भोगलीही. एकदा रतलामहून येताना रात्री 12 ला व्हॅलिडिटी संपली, रिचार्ज करायला नेट नाही, शेजारच्या सीटवरच्या भल्या माणसाचा हॉटस्पॉट मागून केलं. पोस्टपेडमध्ये एवढी लाजिरवाणी वेळ येत नाही हे मान्य केलं पाहिजे. रोजच्या डेटाचंपण तसंच, न वापरलेला रात्री गेला तो गेला, पोस्टपेडला महिन्याचा एकत्र मिळतो आणि उरलेला काही प्लॅनमध्ये पुढे सरकतो. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस लॅपटॉपला हॉटस्पॉट देऊन काम करणारे, किंवा ऑफिस बिलाचे पैसे देतं आणि जीएसटीवालं बिलच लागतं असे, किंवा घरातले चार नंबर एका प्लॅनमध्ये बसवलेले, त्यांनी कदाचित हलू नये. माझा मेव्हणा सेल्समध्ये आहे, तो मला वेडा म्हणतो, त्याच्या जागी तो बरोबर असेल.

बदलणं अवघड नाही. 2021 पासून पुन्हा कागदपत्रं द्यायची गरज नाही, ओटीपीवर होतं. मी जेल रोडला मोबाइलचं कव्हर घ्यायला गेलो होतो, तिथूनच कंपनीच्या दुकानात शिरलो. पोरगा म्हणाला, “भिया, पोस्टपेड में इज्जत रहती है.” म्हटलं, बघितली इज्जत. तीन गोष्टी मात्र सांभाळा. आलेलं बिल तर भराच, पण चालू महिन्याचं अजून न आलेलं बिलही विचारून घ्या, नाहीतर शेपूट राहतं, माझ्यासारखं. बँकेत किंवा यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे स्वतः बंद करा. आणि मला दिलं तसं नवीन सिम दिलं तर फसवणूक टाळायच्या नियमामुळे पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात, बँकेचा ओटीपी लागणार असेल त्या दिवशी हे करू नका, मी नेमकं विजेचं बिल भरायच्या शेवटच्या तारखेला केलं.

कंपनीच बदलायची असेल तर 1900 ला पोर्टचा मेसेज पाठवायचा असतो, पण पोस्टपेडचं बिल थकलेलं असेल तर अर्ज नाकारतात. म्हणजे नाराज होऊन सोडून जायचं तरी आधी त्यांचेच पैसे चुकते करायचे. प्रीपेडला ही भानगड नाही.

बायकोचा नंबर अजून पोस्टपेडच आहे, तिला रिचार्जची तारीख लक्षात ठेवायची कटकट नको म्हणते, आणि तिचं ऑटोपे कधी चुकलेलं नाही. फक्त मध्यंतरी तिच्या ॲपमध्ये जाऊन मी पर्यायी नंबर तेवढा बदलला. तिथेही आईचाच होता.