हॉलच्या कोपऱ्यासाठी पीस लिली की अँथुरियम?

नर्सरीत ही दोन्ही झाडं बहुधा शेजारीशेजारीच असतात, आणि एकच कुंडी घ्यायची असेल तर तिथेच पाय अडतो. दोन्ही अळूच्या कुळातली. पुण्यातल्या उत्तरेकडच्या हॉलमध्ये मी दोन्ही सांभाळली आहेत.

फुलांपुरतं बोलायचं तर अँथुरियम सरस. त्याचं लाल फूल दीड-दोन महिने सहज टिकतं. लिलीचं पांढरं फूल काही आठवड्यांत हिरवट होतं. शिवाय नर्सरीतली भरगच्च फुललेली लिली पुष्कळदा जिबरेलिक आम्ल (झाडाला फुलायला लावणारं संप्रेरक) फवारून फुलवलेली असते. घरी आल्यावर वर्षभर नुसती पानंच दिसली तरी झाड बिघडलं असं समजू नका. हवा शुद्ध होईल म्हणून मात्र दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. झाडं हवा शुद्ध करतात असं सांगणारा नासाचा १९८९चा प्रसिद्ध अभ्यास हवाबंद पेटीतला होता, घरातल्या खोलीतला नव्हे.

माझा निर्णय पाण्यावरून झाला. घरात झाडांना पाणी घालणारे आम्ही तिघं. अँथुरियमची पानं जाड, चिवट. तहान लागली तरी ताठ, मुळं कुजू लागली तरी बरेच दिवस ताठच. सकाळी आईने घातलं, संध्याकाळी मी घातलं, आणि झाडाकडे पाहून काही कळलंच नाही. पानं पिवळी पडल्यावर कुंडी उपसली तर मुळं तपकिरी, लिबलिबीत. अशी दोन झाडं गेली, आणि ते मनाला फार लागलं.

लिली तहानली की पानं खाली झुकवते. पाणी द्या, काही तासांत पुन्हा उभी. आता घरात ठरलंय, पानं जराशी सैल पडली की मातीत बोट घालून बघायचं आणि मगच पाणी. माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर मुळांचं दुखणं समजावं.

लिलीचीही तक्रार आहेच. टँकरच्या जड पाण्याने पानांची टोकं करपतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं, क्षार तसेच राहतात. मी पावसाळ्यात बादल्या भरून ठेवतो. त्या पाण्यावर आलेली पानं आमच्याकडे तरी स्वच्छ निघतात.

रांगतं मूल किंवा मांजर असेल तर दोन्ही उंचावर ठेवा, चावल्यास तोंडाची आग होते. पूर्वेची उजेडाची गॅलरी असेल आणि पाणी घालणारा हात एकच असेल, तर अँथुरियम जरूर घ्या. आमच्या हॉलमध्ये मात्र गेल्या जूनमध्ये गड्डा सोडवून एका लिलीच्या तीन केल्या आहेत.