पसंतीक्रमात खाली असलेले फिजिओथेरपी महाविद्यालय: प्रवेश घ्यावा का?

केईएम, सायन, नायर अशी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या महाविद्यालयांची नावे पसंतीक्रमात वर भरूनही कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत जिल्ह्याच्या ठिकाणचे खासगी महाविद्यालय मिळाले की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: जावे, की वर्षभर थांबून ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी? माझ्या यादीत बरेच खाली असलेल्या अशाच एका महाविद्यालयातून मी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, पूर्ण केले असल्यामुळे हे लिहीत आहे.

महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असले, तर लेखी परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि पदवी मुंबईतल्या विद्यार्थ्यासारखीच असते. फरक पडतो तो संलग्न रुग्णालयात. आमच्या अस्थिरोग विभागात खाटा रिकाम्या नसत, आणि पक्षाघाताचे रुग्ण आसपासच्या तालुक्यांतून येत. गुडघ्याचे सांधेरोपण झालेल्या आजींचा गुडघा किती वाकतो हे मोजताना गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजण्याचे साधन) मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक भुजा खुब्याच्या आणि दुसरी घोट्याच्या रेषेत नेमकी धरली नाही, तर मॅडम पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावत. हात तयार झाला तो या शिस्तीमुळे आणि रुग्णांच्या संख्येमुळे, इमारतीमुळे किंवा नावामुळे नव्हे.

उणिवाही गंभीर आहेत. हृदयशस्त्रक्रिया तिथे होत नसत आणि अतिदक्षता विभाग लहान होता, त्यामुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या छातीची फिजिओथेरपी आम्ही मुख्यतः पुस्तकातून शिकलो, आणि ती कसर भरून काढायला पदवीनंतर मोठ्या रुग्णालयात काम करावे लागले. आयएफटीची, म्हणजे वेदना कमी करण्यासाठी सौम्य वीजप्रवाह देणारी, यंत्रे जुनी होती. वसतिगृह ठीक होते.

म्हणून माझा सल्ला असा, की शुल्क भरण्यापूर्वी कामाच्या दिवशी सकाळी ओपीडीत जाऊन बसावे, रुग्ण खरोखर येतात का ते पाहावे, आणि इंटर्न मंडळींना दिवसाला किती रुग्ण स्वतः हाताळायला मिळतात हे प्राध्यापकांसमोर नव्हे, तर बाहेर गाठून विचारावे. खासगी महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले असते. त्या आकड्याशी मागितलेली रक्कम ताडून पाहावी. ओपीडी भरलेली असेल, तर केवळ नावासाठी वर्ष घालवू नये, असे मला मनापासून वाटते. ओपीडी ओस असेल, तर मात्र घराजवळची जागाही नाकारावी. ज्यांना हृदय व श्वसन फिजिओथेरपीतच पुढे जायचे आहे, त्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या जागेसाठी पुढच्या फेरीची वाट पाहणे अधिक योग्य ठरेल.