धार पडत होती, तरी मोटार तापत होती : भुसावळच्या एका पंप-दुरुस्ती कारखान्याचा अनुभव

हतनूर धरणाच्या फुगवट्यात आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेची एक फायबरची बोट असून तिला १५ अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटार, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन, बसवलेली आहे. संस्थेचा सचिव या नात्याने तिच्या दुरुस्तीचा हिशेब माझ्याकडे असतो. गेल्या पावसाळ्यानंतर ही मोटार तापू लागली, तेव्हा आम्ही दोन ठिकाणी खर्च केला आणि त्यापैकी दुसऱ्या ठिकाणचा सत्कारणी लागला. ते ठिकाण म्हणजे शेतीचे पंप आणि डिझेल इंजिने दुरुस्त करणारा, भुसावळमधील पत्र्याच्या शेडमधला एक छोटा कारखाना होय. बोटीची मोटार येथे दुरुस्त होते अशी पाटी तेथे नाही, आणि मिस्तरींनीही पहिल्याच भेटीत सांगून टाकले की अशा मोटारी त्यांच्याकडे वर्षाकाठी दोन-तीनच येतात. हा प्रामाणिकपणा मला तेव्हा काळजीचा वाटला होता.

बिघाडाचे स्वरूप असे होते की मोटार मंद वेगात तासभर बिनतक्रार चालत असे, परंतु चांगदेवच्या दिशेने पूर्ण वेगात निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचा जोर उतरे, वरच्या झाकणाखालून तापलेल्या रंगाचा वास येऊ लागे, आणि वेग कमी केल्यावर ती पुन्हा हळूहळू सावरत असे. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. वऱ्हाडातील काळी माती पूर्णेच्या पुराबरोबर येते आणि धरणाचे ४१ दरवाजे पावसाळ्यात कितीही वेळा उघडले तरी तिचा बराचसा भाग फुगवट्यातच बसतो. आमची मोटार तेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते, हे येथे आधीच सांगणे आवश्यक आहे, कारण समुद्रावरच्या मोटारींसाठी दिला जाणारा बराचसा सल्ला खारट पाणी गृहीत धरून दिलेला असतो.

ज्यांनी अशी मोटार आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंख्याजवळच्या जाळीतून पाणी आत येते. गिअरच्या भागावर बसवलेला रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चक्र, जो इंजिनाच्या उभ्या शाफ्टवर खाचेत बसणाऱ्या एका छोट्या चावीच्या आधाराने फिरतो, ते पाणी एका नळीतून वर ढकलतो. ते सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून आणि हेडमधून (सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणातून) फिरते आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप, उघडल्यावर धुराच्या वाटेने खाली उतरते. यातील थोडेसे पाणी मागच्या बाजूने बारीक धारेच्या रूपात बाहेर पडते, आणि बोट चालवणारा माणूस त्या धारेकडे बघूनच मोटार ठीक आहे की नाही हे ठरवतो. आम्हीही तेच करत होतो, आणि आमची धार शेवटपर्यंत पडत होती.

पहिली दुरुस्ती जिल्ह्याबाहेरील एका दुकानात झाली. तेथे इम्पेलर बदलला गेला, थर्मोस्टॅट काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत आमच्या हाती दिला गेला, आणि ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यात याची गरजच नाही’ असे सांगण्यात आले. भुसावळचा मे महिना सोसलेल्या कोणालाही हे पटण्यासारखे आहे, म्हणून आम्हालाही ते पटले. मात्र मोटार हवेने नव्हे, पाण्याने थंड होते, आणि धरणाचे पाणी हवेइतके तापत नाही. शिवाय थर्मोस्टॅट नसेल तर मंद वेगात इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, इंधन नीट जळत नाही आणि प्लग काळे पडतात. आमच्या जाळी टाकण्याच्या फेऱ्या मंद वेगाच्याच असल्यामुळे प्लगही काळे पडले, आणि पूर्ण वेगात मोटार पूर्वीसारखीच तापत राहिली. त्या दुकानाविषयी याहून अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

भुसावळच्या मिस्तरींनी मोटार ताब्यात घेतल्यावर पाना हातात घेतला नाही. ‘भाऊ, पह्यले मोजू, मंग खोलू,’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मोटार उभी केली, पंख्यावरची आडवी पट्टी पूर्ण बुडेल इतके पाणी भरले आणि दोन्ही सिलिंडरांच्या हेडवर काळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला. पट्टीचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले की शेतीच्या मोटारींची बेअरिंगे तपासण्यासाठी ते वापरतात ते दुरून तापमान मोजणारे पिस्तूल चकचकीत धातूवर खोटा, कमी आकडा दाखवते. काळ्या, निस्तेज पृष्ठभागावर मात्र खरे तापमान मिळते. ड्रममध्ये पूर्ण वेग देता येत नाही, आणि त्यातले पाणीही थोड्या वेळात गरम होऊन धुराच्या बुडबुड्यांनी भरते. त्यामुळे खरी चाचणी दुसऱ्या दिवशी फुगवट्यावरच झाली, आणि त्यासाठी हा माणूस स्वतःचे काम सोडून आमच्याबरोबर बोटीत बसला. मंद वेगात खालचे सिलिंडर ३८ अंश, वरचे ४९. पूर्ण वेगात दहा मिनिटांनी खालचे ५५ आणि वरचे ९६. आकडा पाहताच त्यांनी इंजिन बंद करायला लावले. धार तेव्हाही पडत होती.

या दोन आकड्यांनी निम्मे काम झाले, असे मला आज वाटते. पंप पूर्णपणे निकामी असता तर दोन्ही सिलिंडरे तापली असती. मोटार बोटीवर फार उंच बसवलेली असती आणि जाळी पाण्याबाहेर येऊन हवा ओढली जात असती, तरीही दोन्ही तापली असती. एकच तापते याचा अर्थ पाणी निघते आहे, पण शेवटपर्यंत पोहोचत नाही. मिस्तरींनी दिलेला दाखला आमच्या भागातील कोणालाही लगेच कळेल : केळीच्या बागेत फिल्टरजवळचा गेज बरोबर प्रेशर दाखवतो, तरी ठिबकच्या नळीच्या टोकाचे झाड वाळते. आमच्या मोटारीत मागची धार ही गेजजवळची होती आणि वरचे सिलिंडर हे टोकाचे झाड होते.

खोलण्यापूर्वी त्यांनी दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासले. ते दोन्हीकडे जवळपास सारखे भरल्यामुळे पिस्टनला किंवा रिंगांना अजून इजा झालेली नाही आणि हेडचे पॅकिंगही फुटलेले नाही, असा अंदाज बांधता आला. पॅकिंग फुटून सिलिंडरमध्ये पाणी जात असेल तर त्या बाजूचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. आमचे दोन्ही काळेकुट्ट होते. पेट्रोलमध्ये तेल किती घालता, हेही त्यांनी विचारले. मोटारीच्या पुस्तिकेप्रमाणे आम्ही ५० लिटर पेट्रोलला १ लिटर तेल घालतो, हे ऐकून त्यांनी तो विषय तेथेच सोडला.

मग खालचा भाग उतरवला गेला. इम्पेलर नवाच होता आणि त्याची सर्व पाती शाबूत होती. परंतु तो ज्या स्टीलच्या चकतीवर घासून फिरतो, तिच्यावर गाळाने वर्तुळाकार चर पाडलेले होते, आणि ही चकती पहिल्या दुरुस्तीत बदललीच गेली नव्हती. चर पडलेल्या चकतीवर नवा इम्पेलर बसवला तर पाणी त्या चरांतून मागे गळते आणि पंपाचा जोर कमी होतो. याहून वाईट गोष्ट अशी की वर जाणारी नळी पंपाच्या तोंडाला जेथे मिळते तेथील रबरी रिंग दुमडलेली होती. खालचा भाग पुन्हा चढवताना नळी दिसत नाही, चाचपडतच ती रिंगेत शिरवावी लागते, आणि घाईत रिंग दुमडली तरी बोल्ट आवळले जातात. परिणामी काही पाणी वर जाते आणि उरलेले पायाच्या पोकळीतच सांडून खाली निघून जाते. मंद वेगात जे वर जाते तेवढे पुरते, पूर्ण वेगात पुरत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी मी समाधान मानले असते. मिस्तरींनी मात्र विचारले की जुन्या इम्पेलरची तुटलेली पाती कुठे आहेत. पहिल्या दुकानाने जुना इम्पेलर आम्हाला दाखवला होता आणि त्याची दोन पाती तुटलेली होती, हे मला आठवले. ती गेली कुठे, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. तुटलेले रबर पाण्याबरोबर वरच जाते. हेड उघडल्यावर एक तुकडा वरच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत आडवा अडकलेला सापडला, आणि त्याच्यामागे काळी माती साचून, उष्णतेने भाजून विटेसारखी कठीण झालेली होती. दुसरा तुकडा नळीच्या वरच्या टोकाशी निघाला.

ही माती व्हिनेगरने विरघळेल, असे आमच्या एका सभासदांचे म्हणणे होते. मिस्तरींनी वाद न घालता मातीचा एक खडा चमच्यात घेऊन त्यावर लिंबू पिळले. थोडेसे बुडबुडे आले, ढेकूळ मात्र तसेच राहिले. आम्लाने चुना आणि क्षार सुटतात, चिकणमाती सुटत नाही. ती त्यांनी बांबूच्या काड्यांनी आणि नायलॉनच्या ब्रशने उकरून काढली आणि नंतर नेहमीच्या उलट दिशेने दाबाचे पाणी सोडून सर्व वाटा धुतल्या. अॅल्युमिनियमला ओरखडे पडू नयेत म्हणून स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी त्या दिवशी कोणाच्याही हाती लागू दिला नाही. या कामाला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागला.

पिशवीतला थर्मोस्टॅट त्यांनी चहाच्या पातेल्यात, दोऱ्याला टांगून, थर्मामीटरसह पाणी तापवत तपासला. तो पन्नाशीच्या आसपास उघडू लागला आणि साठापर्यंत पूर्ण उघडला. निर्दोष भाग दीड महिना संस्थेच्या कपाटात पडून होता. तो पुन्हा जागेवर गेला.

आता तक्रारी. इम्पेलर, चकती, पंपाची वाटी, चावी, रबरी रिंग आणि पॅकिंग असा पूर्ण संच मुंबईहून मागवावा लागला आणि तो येण्यास सहा दिवस गेले. एवढे दिवस लागणार हे आम्हाला आधी सांगितले गेले नाही. शेतकऱ्याचा पंप बंद पडला की मिस्तरी आमचे काम बाजूला ठेवत. केळीला पाणी चुकून चालत नाही हे मान्य आहे, पण माझे फोन त्यांनी उचलायला हवे होते. हेडचे बोल्ट ते हाताच्या अंदाजाने आवळू लागले, हे मला सर्वांत खटकले. हे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने आणि पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावे लागतात, अन्यथा नवे पॅकिंगही गळू शकते. मी आग्रह धरल्यावर त्यांनी शेजारच्या चारचाकीच्या गॅरेजमधून टॉर्क पाना आणवला. आग्रह धरला नसता तर आणवला नसता, असे माझे मत आहे. बिलावर सुरुवातीला ‘मोटार रिपेर’ एवढेच लिहिलेले होते. सहकारी संस्थेच्या लेखापरीक्षणात असे बिल चालत नाही, म्हणून सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी लागली. मजुरी १,८०० रुपये झाली, आणि झालेल्या कामाच्या मानाने ती मला कमीच वाटली. काढलेले सर्व जुने भाग त्यांनी न मागता परत दिले.

शेवटची चाचणीही फुगवट्यावरच झाली. पूर्ण वेगात पंधरा मिनिटांनी खालचे सिलिंडर ५६ आणि वरचे ६१ अंशांवर स्थिर राहिले. चार महिन्यांत मोटारीने एकदाही जोर सोडलेला नाही, आणि प्लगचा रंग आता विटकरी आहे. परतताना मिस्तरींनी बोट चालवणाऱ्या पोरांना दोन गोष्टी सांगितल्या : उथळ पाण्यात मोटार तिरकी करून गाळ ढवळत नेऊ नका, आणि काठावर, पाण्याबाहेर, ‘फक्त सुरू होते का बघू’ म्हणून दोरी ओढू नका, कारण कोरडा इम्पेलर काही सेकंदांतच भाजतो. दुसरी गोष्ट आमच्याकडे सर्रास होत असे, हे मला त्या दिवशी पोरांच्या चेहऱ्यांवरून समजले.

पाणवनस्पती गुंतल्यावर मोटारीची जाळी साफ करताना प्लगच्या वायरी आधी काढाव्यात, ही सूचना मात्र मी माझ्याकडून जोडतो. मिस्तरी स्वतःच ती पाळत नाहीत.

पुढील पावसाळा संपल्यावर चकतीवर पुन्हा किती चर पडले हे पाहण्यासाठी मोटार त्यांच्याकडेच न्यायची, असा ठराव संस्थेच्या बैठकीत झाला आहे, आणि त्यात टॉर्क पाना वापरण्याची अट मी लिहून घेतली आहे. रबराचे ते दोन तुकडे बिलाच्या फाइलला टाचून ठेवले आहेत.