एमजीबी घ्यायचीय, पण इंग्लंडातच राहिलेली की अमेरिकेतून परत आलेली?

युकेत राहताय, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची फार इच्छा आहे आणि बजेट जॅग्वार ई-टाइपचं नाहीये, तर फिरून फिरून गाडी एमजीबीवरच येते. आणि ते बरोबरच आहे. १९६२ ते १९८० ॲबिंग्डनच्या फॅक्टरीत या गाड्या पाच लाखांवर बनल्या, १७९८ सीसीचं इंजिन साधं, आणि पार्ट तर आजही जवळपास सगळे नवीन मिळतात. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, क्रोम, सीट यांची चिंता मी फारशी करत नाही. चिंता पत्र्याची करायची, कारण वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाहीच, बॉडी हीच गाडी, आणि वेल्डिंगची मजुरी हाच सगळ्यात मोठा खर्च. गाडीनं गेली पन्नास वर्षं कुठे आणि कोणाकडे काढली हे आधी बघायचं ते यासाठीच.

इंग्लंडातच राहिलेली गाडी घेतली तर एक गोष्ट धरूनच चालायची, की हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तिच्या सिल एकदा तरी खाल्लेल्या आहेत. सिल म्हणजे दाराखालची लांब पेटी, बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला पडदा आणि खाली कॅसल रेल असे तुकडे जोडून केलेली, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे सगळी ताकद तिथेच. आता गंमत अशी की बाहेरची सिल पुढच्या विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) मागे आणि मागच्या विंगच्या आतही जाते, त्यामुळे नीट बदलायची तर पुढची विंग काढावी लागते, मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो, नुसता दिसतो तेवढाच पत्रा कापून वर नवा चिकटवला की बाहेरून छान दिसतं पण आत गंज चालूच. म्हणून "फुल रिस्टोरेशन" हे शब्द जाहिरातीत वाचून काही कळत नाही. सिल उघड्या असतानाचे फोटो मागा. दाराच्या जागेत ब्रेस (आधाराचा तात्पुरता दांडा) लावून काम केलंय का ते फोटोत दिसतं, नसेल लावला तर गाडी वाकून दाराच्या फटी कायमच्या बिघडतात.

या गाडीची कागदपत्रं मात्र सोन्यासारखी. व्ही५सी (युकेचं गाडीचं रजिस्ट्रेशन पुस्तक), जुनी बिलं, आणि २००५ नंतरची एमओटीची, म्हणजे वार्षिक सरकारी तपासणीची, हिस्टरी तर ऑनलाइन फुकट बघता येते, त्यात मायलेज आणि "कॉरोजन" (गंज) असे शेरे वर्षागणिक सापडतात, आणि एखाद्या वर्षी गंजावर फेल झालेली गाडी थोड्याच दिवसांत पास झालीय तर तेव्हाचं वेल्डिंगचं बिल कुठाय हे सरळ विचारायचं. ४० वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, त्यामुळे पुढची वर्षं कोरी असू शकतात, त्यात वाईट काही नाही.

अमेरिकेतून परत आलेल्या गाडीचं गणित उलटं. बनलेल्या गाड्यांतला मोठा हिस्सा तिकडेच गेला होता. कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनात राहिलेली असेल तर पत्रा असा मिळतो की इकडच्या वेल्डरला बघूनच आनंद होईल, पण डॅशबोर्ड उन्हानं फुटलेला, रबर कडक, सीट गेलेल्या. हे सगळं विकत मिळतं, म्हणून मला ते चालतं. पण अमेरिका म्हटलं की कोरडी हवा असं समजू नका, न्यूयॉर्क-मिशिगनकडेही रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिकडचं टायटल (मालकीचा कागद) बघा, राज्याचं नाव त्यावर असतं. आयात केल्याची नोव्हाची (युकेत गाडी आणल्याचं कर खात्याला कळवण्याची) नोंद झालीय का तेही विचारा, ती नसली तर इकडे रजिस्ट्रेशन अडकतं.

शिवाय १९७५ पासूनच्या अमेरिकन गाड्यांना दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून सोडणारा भाग) एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर आहे, ताकद बरीच कमी, दोन एसयू बसवायचा खर्च धरा.

आणि उजव्या स्टिअरिंगची दिसली म्हणून ती इकडचीच असं नाही. चासी नंबर वाचा. जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे पक्क्या छपराची जीटी, पुढच्या आकड्यानंतर एल असेल तर मूळ डाव्या स्टिअरिंगची, यू असेल तर अमेरिकेसाठी बनलेली. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे बदललेलं असणं वाईट नसतं, पण ते लपवून इकडच्या गाडीची किंमत मागणं मला अजिबात पटत नाही. शंका आली तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट काढा, त्यात गाडी कधी बनली, रंग कुठला होता, कुठल्या देशात पाठवली हे फॅक्टरीच्या रजिस्टरमधून मिळतं.

मला विचाराल तर याच उन्हाळ्यात चालवायचीय आणि स्वतःचं गॅरेज नाही, तर सिलचे फोटो आणि बिलं असलेली इंग्लंडातली गाडी घ्या, रंग फिका असला तरी चालेल. स्वतः हातानं रिस्टोअर करायचीय, जागा आहे, एकदोन वर्षं थांबायची तयारी आहे, तर कोरड्या राज्यातली, पुन्हा रंग न दिलेली अमेरिकन गाडी जास्त चांगली, डाव्या स्टिअरिंगचीच ठेवा, ओव्हरटेक करताना तेवढी सांभाळा. नुकताच चकाचक रंग दिलाय आणि कामाचा एकही फोटो नाही, ती मात्र दोन्हीकडची नको.

बघायला जाताना लोहचुंबक खिशात असू द्या, सिलवर जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मग सिलच्या जॅकिंग पॉइंटवर गाडी उचलायला लावा आणि दार उघडबंद करा. दार अडकलं किंवा फट कमी झाली तर किमतीवर बोलायला बसूच नका.