पडद्यावरची उपासना की मंडळीतली?

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना झूमवर आली. मंदिराची, म्हणजे चर्चची, दारे पुन्हा उघडल्यावरही ती सोय चालू राहिली, त्यामुळे पुण्याच्या दूरच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला दर रविवारी सकाळी निवड करावी लागते. दोन्ही प्रकार मी बराच काळ अनुभवले आहेत.

वचनाच्या, म्हणजे बायबलवरील संदेशाच्या, बाबतीत मला पडद्यावर काही उणे वाटले नाही. उलट बायबल आणि वही समोर ठेवून, टिपणे घेत संदेश ऐकणे घरी अधिक निवांतपणे होते. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांना, रात्रपाळी करून आलेल्यांना किंवा जवळपास मराठी उपासना नसलेल्या परदेशस्थ कुटुंबांना तर हा मोठाच आधार आहे. मंदिरात जायचे म्हणजे वाहतूक, गाडी लावण्याची मारामार, लांबत जाणाऱ्या सूचना आणि क्वचित कमिटीच्या निवडणुकीवरून दारातच चाललेली धुसफूस हे सारे पदरी येते, हे मी नाकारत नाही.

तरीही माझा कल ठरला तो गाण्यामुळे. झूमवर प्रत्येकाचा आवाज थोडाफार मागेपुढे पोचतो. सुरुवातीला आम्ही सर्वांनी माइक सुरू ठेवून ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहातले एक भजन धरले, तेव्हा पेटी एका ओळीवर, बायका दुसऱ्या आणि एक आजोबा भलत्याच कडव्यावर, असा प्रकार झाला. मग संचालकांनी सर्वांचे आवाज बंद केले आणि पुढचे कित्येक महिने मी खोलीत एकटाच गात राहिलो; प्रभूच्या प्रार्थनेनंतरचे माझे ‘आमेन’ही मलाच काय ते ऐकू येई. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वळणाची भजने दिली. एकाने कडवे म्हणावे आणि उरलेल्यांनी टाळांच्या साथीने ध्रुपद उचलावे, हीच ती गाण्याची रीत. ध्रुपद उचलणारेच गप्प बसवले की भजनाचे नुसते वाचन होते, असे मला तरी वाटले.

बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीविषयी चार गोष्टी एकत्र येतात: शिक्षण, सहवास, भाकर मोडणे (म्हणजेच प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एकत्र भाकर घेणे) आणि प्रार्थना. यांपैकी शिक्षण पडद्यावरून जवळजवळ पूर्ण पोचते, प्रार्थनाही बरीचशी पोचते. मधल्या दोन गोष्टींविषयी मला शंका आहे. माझी नोकरी गेली तेव्हा मी मंडळीत कोणालाच सांगितले नव्हते. उपासनेनंतर एका काकूंनी चेहरा पाहून विचारले, “काय रे, बरं नाही का?” आणि फाटकाशी उभ्या उभ्याच त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. बायबलातल्याच इब्री १०:२५ मध्ये एकत्र मिळणे न सोडण्याचा उपदेश एकमेकांना बोध करण्याशी जोडलेला आहे, तो मला त्या दिवशी उमगला. कॅमेरा बंद ठेवून बसलो असतो तर काकूंना माझे नाव तेवढे दिसले असते.

ज्याची त्याची अडचण वेगळी असते, म्हणून आग्रह धरत नाही. मी स्वतः बुधवारचा बायबल अभ्यास झूमवर करतो आणि रविवारी मंदिरात जातो. अंतरामुळे दर आठवड्याला जमत नसेल, तर निदान महिन्याचा पहिला रविवार तरी राखून ठेवावा, कारण अनेक मंडळ्यांत प्रभुभोजन त्याच दिवशी असते. मात्र गाडीला जागा हवी असल्यास अर्धा तास आधी निघावे.