तान्ह्या बाळाच्या शिरेतली गुठळी: हेपॅरिन ड्रिप, एनॉक्सापॅरिन की तोंडावाटे औषध?

नवजात बाळाच्या शिरेत गुठळी सापडली की बहुतेक वेळा तिथे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असते. पाय सुजतो, निळसर पडतो, प्लेटलेट उतरतात. आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. डी-डायमर या गुठळीच्या रक्ततपासणीवर विसंबू नका, आजारी बाळात तो एरवीही वाढतो. छातीतल्या शिरांमधली गुठळी मात्र डॉपलरमधून सुटू शकते. तिथे एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी (शिरांचा स्कॅन) लागते.

प्रकृती डळमळीत असेल किंवा ऑपरेशन जवळ आलं असेल, तर साधं हेपॅरिन ड्रिपमधून: वर्षाच्या आतल्या बाळाला किलोमागे ताशी 28 युनिट, वर्षापुढच्याला 20. ड्रिप थांबवली की काही तासांत परिणाम ओसरतो, घाई असेल तर हेपॅरिनवरचा उतारा, प्रोटामाइन आहेच. पण एक शीर त्यातच अडकते, आणि नवजाताच्या रक्तात अँटीथ्रॉम्बिन (ज्याच्या आधारे हेपॅरिन काम करतं ते प्रथिन) मोठ्यांच्या जेमतेम निम्मं असल्यामुळे डोस सारखा बदलावा लागतो.

बाळ स्थिर असेल तर आमचा कौल एनॉक्सापॅरिनला, म्हणजे हेपॅरिनच्याच जातीच्या इंजेक्शनला. दोन महिन्यांच्या आत किलोमागे 1.5 मिलिग्रॅम, नंतर 1 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी त्वचेखाली. डोसनंतर 4 ते 6 तासांनी अँटी-टेन-ए पातळी (औषधाचा रक्तातला परिणाम मोजणारी तपासणी) 0.5 ते 1 युनिट/मिलि हवी. सॅम्पल हेपॅरिन जाणाऱ्या लाइनमधून काढलं, तर आकडा खोटा चढतो.

खरा धोका सिरिंजमध्ये आहे. 3 किलोच्या बाळाला 4.5 मिलिग्रॅम म्हणजे 100 मिलिग्रॅम/मिलिच्या द्रावणाचे फक्त 0.045 मिलि. नारिंगी टोपणाच्या यू-100 (1 मिलिला 100 युनिट) इन्सुलिन सिरिंजवर ते साडेचार युनिट. आपल्याकडे लाल टोपणाची यू-40 (1 मिलिला 40 युनिट) सिरिंजही सर्रास मिळते. तिच्यात साडेचार युनिट भरले, तर 11 मिलिग्रॅमच्या वर औषध जातं. डिस्चार्जआधी आईच्या हातून सिरिंज भरून घ्याच, आणि चिठ्ठीवर मिलिग्रॅम, मिलि आणि सिरिंजचा प्रकार तिन्ही लिहा.

तोंडावाटे द्यायच्या रिव्हॅरॉक्सबॅनमध्ये ही कटकट नाही. त्याच बाळाला 0.9 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅम/मिलि सस्पेन्शनचे 0.9 मिलि, दिवसातून तीनदा, दुधाबरोबर. मात्र त्याआधी किमान 5 दिवस इंजेक्शनचे उपचार झालेले हवेत. बाळ 37 आठवडे पूर्ण करून जन्मलेलं, कमीत कमी 2.6 किलोचं आणि किमान 10 दिवस तोंडाने दूध पिणारं हवं. दुधाची नळी जठराच्या पुढे गेलेली असेल तर औषध नीट शोषलं जात नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्या, त्यानंतर नाही. सस्पेन्शन हाताशी नसेल, तर गोळी कुटून तान्ह्याला देण्याच्या फंदात पडू नका. एनॉक्सापॅरिनच चालू ठेवा.

वॉर्फरिन हे तोंडावाटे घ्यायचं जुनं औषध पहिल्या वर्षात शक्यतो नकोच. वॉर्फरिन व्हिटॅमिन के विरुद्ध काम करतं; फॉर्म्युल्यात (डब्याच्या दुधात) ते घातलेलं असतं, आईच्या दुधात ते फार थोडं. दूध बदललं की आयएनआर (वॉर्फरिनचा परिणाम मोजणारा आकडा) हलतो.

लाइनची गरज संपली असली, तरी ती आधी ओढून काढू नका. रक्त पातळ करणारं औषध सुरू होऊ द्या. सहा आठवड्यांनी डॉपलर पुन्हा करा. गुठळीचं कारण तात्पुरतं असेल आणि शीर पूर्ण बंद राहिलेली नसेल, तर तिथेच औषध थांबवता येतं: 2022 च्या किड्स-डॉट चाचणीत 21 वर्षांखालच्या अशा रुग्णांमध्ये 6 आठवड्यांचे उपचार 3 महिन्यांच्या उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत.